अर्धी शिवण

वडील गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात फुलपाखरू मित्रमंडळाचं पत्र आलं. छापील कागद, वरच्या कोपऱ्यात पंख पसरलेलं निळं फुलपाखरू, आणि खाली दोन परिच्छेद. पहिल्या परिच्छेदात मंडळाचा आधारस्तंभ कोसळला होता. दुसऱ्यात नियम क्रमांक अकरा होता: सभासदत्व कोणत्याही कारणाने संपुष्टात आल्यास त्या सभासदाच्या प्रलंबित नोंदी वार्षिक यादी बंद होताच रद्द समजण्यात येतील. यादी महिनाअखेरीस बंद होणार होती. महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते.

लेकीनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकायला आत्या होती, वडिलांची मोठी बहीण. भाऊ गेल्याचं कळलं तशी चार दिवसांसाठी म्हणून आली होती आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली होती.

“कोणत्याही कारणाने म्हणजे?” आत्यानं विचारलं.

“वर्गणी थकली, गाव सोडलं, नाहीतर...”

“नाहीतर गचकला. सरळ लिहायला काय होतं मेल्यांना?”

प्रलंबित नोंद कुठली, हे लेकीला माहीत होतं. एकच होती. नोंद क्रमांक दोनशे बारा.

वडिलांनी चौतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. लोकांच्या जिन्याखालच्या खोपच्यांतून, धूळ खाल्लेल्या दिव्यांच्या उजेडात आकडे टिपत फिरले. बाकीचे मीटरवाले कुत्र्याला भिऊन थबकायचे, हे पतंगांपाशी थबकायचे. उजेडाला भुललेली, राखाडी, मातकट, कुणी ढुंकून पाहणार नाही अशी ती पाखरं. नोकरी सुटल्यावर मीटर सुटले, जिने काही सुटले नाहीत. रोज पहाटे साडेपाचला ते स्वतःच्याच इमारतीचे चार मजले चढत. रात्रभर जळलेल्या दिव्यांखाली, भिंतींवर जे जे बसलेलं असेल ते पाहत, पेन्सिलीनं वहीत टिपत. मग जिना झाडणाऱ्या मावशी झाडू घेऊन येण्याच्या आत एकेकाला काचेच्या पेल्याखाली झाकायचं, भिंत आणि पेला यांच्यामध्ये जुनं मीटरकार्ड सरकवायचं आणि मागच्या कुंपणातल्या झुडपांवर नेऊन सोडायचं, असा शिरस्ता. शेजाऱ्यांना आधी वाटायचं, म्हातारा व्यायाम करतो. हातातला पेला दिसला तेव्हा वाटलं, म्हातारा कामातून गेला.

मित्रमंडळात ते बारा वर्षं होते, पण आधारस्तंभ हे पत्रापुरतंच. मंडळात फुलपाखराला सोयऱ्याचा मान. ते दिवसा येतं, फुलावर बसतं, फोटो काढून घेतं. पतंग म्हणजे आमंत्रण नसताना पंगतीत बसलेला माणूस. शिवाय बाकीच्या सभासदांच्या गळ्यात तोफेएवढे कॅमेरे, आणि वडिलांच्या खिशात पेन्सिल. दर बैठकीत कोणीतरी आपला आकडा सांगे, माझी दीडशे झाली, माझी एकशे साठ, जशा लग्नघरात कुणी खाल्लेल्या जिलब्या मोजाव्यात. वडील आकडा सांगत नसत. ते फार तर म्हणत, “परवा एक आलं होतं, सव्वा तास बसलं.”

दोनशे बारा हे त्यांनी भिंतीवर अकरा वर्षांत नऊ वेळा पाहिलेलं पाखरू. अंगठ्याच्या नखाएवढं, राखाडी. दर वेळी तिसऱ्याच मजल्यावर, म्हणजे घराच्या दारासमोरच. दोन्ही पंखांवर बारीक पांढऱ्या टाक्यांची एक रेघ कडेपासून निघायची आणि बरोबर मध्यावर थांबायची, जणू शिवणाऱ्याचा दोरा संपला. वडिलांनी त्याला नाव ठेवलं होतं अर्धी शिवण. याच्यासारखंच दिसणारं एक पाखरू यादीत आधीपासून होतं, सर्वसामान्य राखाडी पतंग. त्याची शिवण पूर्ण. मंडळाच्या पडताळणी समितीनं निकाल दिला होता की हेही तेच, फक्त रेघ अर्धी झिजलेली असावी.

“नऊही वेळा, दोन्ही पंखांवर, नेमकी मध्यावर झिजते,” वडील घरी म्हणाले होते. “म्हणजे समिती म्हणते ते खरं असलं तर झिजवणारा मोठा कारागीर असला पाहिजे.”

समितीनं मग नमुना मागितला. पाचव्या नोंदीच्या समासात वडिलांच्या अक्षरात त्याचं उत्तर होतं: ‘समितीला नमुना हवा. नमुना भिंतीवर आहे. यावे व पाहावे.’ समिती तीन जिने चढून आली नाही. नोंद प्रलंबित राहिली, आणि आता आणखी नऊ दिवस राहणार होती.

लेकीला पतंगांतलं फारसं कळत नव्हतं. तिचं आयुष्य पुस्तकांत गेलेलं, भिंतीकडे पाहायला तिला सवड नव्हती. वडील गेल्यापासून मात्र ती पहाटे पेला आणि कार्ड घेऊन जिना चढत होती, कारण साडेपाचला जाग येत होती आणि जागेपणी दुसरं करायचं काय हे सुचत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं: छापील यादीत दोनशे बारावी ओळ, आणि तिच्यापुढे वडिलांचं नाव. त्यांनी आयुष्यभर लोकांचे आकडे बिनचूक लिहिले. कोणीतरी एकदा त्यांचा लिहावा.

तिनं मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं असताना एकट्यानंच बोलायची सवय असल्यामुळे ते फोनवरही उत्तराची वाट पाहत नसत.

“अगं, मी तुला फोन करणारच होतो. शोकसभा घ्यायची आहे आपल्याला. रविवारची आमची फेरी तशीही तुमच्याच बाजूला आहे. तिकडून थेट येतो सगळे, साडेआठला. एका दगडात दोन पक्षी.”

“डॉक्टर, ती नोंद...”

“बोलू की. समिती येणारच आहे. खुर्च्या किती आहेत तुमच्याकडे?”

पाखरासाठी समिती तीन जिने चढली नव्हती, ती आता शोकसभेसाठी चढणार होती. लेकीनं शेजाऱ्यांकडून सहा खुर्च्या आणल्या.

रविवारी पहाटे ती जिना फिरून आली. दोन मातकट पतंग आणि एक हिरवट, तिघांना कुंपणात सोडलं. दोनशे बारा नव्हतं. असणार तरी कसं? अकरा वर्षांत नऊ वेळा येणारं पाखरू काही शोकसभेची वेळ पाहून येत नाही. तिनं टेबलावर वडिलांचा फोटो ठेवला आणि शेजारी त्यांच्या सात वह्या.

साडेआठला बैठकीच्या खोलीत जंगल उगवलं. चौदा माणसं, चौदाही जणांच्या अंगात पानाफांद्यांचा छाप असलेले कपडे, डोक्यावर तशाच टोप्या, पायांत चिखलाचे बूट.

“हे कशाला असले कपडे?” आत्या लेकीच्या कानाशी कुजबुजली. कुजबूज शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेली.

“फुलपाखरांना आपण दिसू नये म्हणून, आजी,” चिटणीसबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात लाकडी पाटी, पाटीवर चिमट्यानं लावलेला कागद.

“आणि मग हे बोलणं? ते नाही ऐकू येत त्यांना?”

अध्यक्ष उभे राहिले. दिवंगत सभासद साधेपणाचं मूर्तिमंत उदाहरण होते, त्यांच्याकडे कॅमेराही नव्हता, असं म्हणाले. चिटणीसबाई म्हणाल्या की त्यांच्या जाण्यानं मंडळाची रात्रपाळी पोरकी झाली. तिसऱ्या एका सभासदानं दिवंगतांबद्दल बोलता बोलता स्वतःला मागच्या वर्षी दिसलेल्या एका दुर्मीळ निळ्या फुलपाखराची हकिकत सांगितली, ती चांगली लांबली. दिवंगतांशी तिचा संबंध एवढाच की त्या वेळी ते त्याच रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे होते.

मग दोन मिनिटांची शांतता. अध्यक्षांनी घड्याळ मनगटावर सरळ केलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पाऊण मिनिट झालं असेल. दाराशी मावशी आल्या. रविवारी त्या उशिरा झाडायला येत. हातात फडकं, काखेत झाडू. आत माणसं माना घालून उभी आहेत हे त्यांना दिसलं, पण तोंडातला निरोप तोवर निम्मा बाहेर पडला होता.

“ताई, बाबांचं पाखरू आलंय.”

चौदा माना वर झाल्या.

“मीटरच्या पेटीमागं बसलंय. धूळ पुसायला गेले तर...”

उरलेली सव्वा मिनिटाची शांतता कुणी पाळली असेल तर ती आत्यानं आणि फोटोनं. बाकी सगळे जिन्यावर होते. एवढ्याशा जागेत चौदा कॅमेरे, एकाची नळी दुसऱ्याच्या कानात. “सरका”, “सावली पडतेय”, “अहो, माझ्या पायावर आहात तुम्ही”, आणि खटाखट खटाखट. मावशी पेटीपुढे झाडू आडवा धरून उभ्या होत्या. “लांबून, लांबून. बाबा हात लावू द्यायचे नाहीत.”

अध्यक्षांनी खिशातलं भिंग काढलं, वाकले, दोन सेकंद पाहिलं आणि सरळ झाले. दाढ किडलेली आहे की नाही हे ते तेवढ्याच वेळात सांगत.

“सर्वसामान्य राखाडी. लिहा.”

चिटणीसबाईंनी लिहिलं. मंडळाची रीत अशी की सभासद कुठेही जमोत, फेरीला, वाढदिवसाला, मौतीला, आजची यादी होते, आणि यादीवर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या होतात. सहीशिवाय नोंद नाही, आणि सही झाल्यावर खाडाखोड नाही. पाटी हातोहात फिरली. एकमेकांच्या पाठीवर टेकवून चौदा सह्या झाल्या.

लेकीनं एव्हाना पेटीमागे पाहिलं होतं. नखाएवढं, राखाडी. टाके कडेपासून निघाले होते आणि मध्यावर थांबले होते. उजव्या पंखावर, डाव्याही पंखावर. ती आत गेली आणि तिसऱ्या क्रमांकाची वही उघडून घेऊन आली. त्या पानावर वडिलांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं, पानभर मोठं करून, एकेक टाका मोजून. उजव्या पंखावर अकरा टाके, डाव्यावर अकरा.

“डॉक्टर, जरा मोजता का?”

अध्यक्षांनी मोजले. चिटणीसबाईंनी मोजले. निळ्या फुलपाखरावाल्या सभासदानं आपल्याच कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून मोजले, पुन्हा मोजले, आणि कॅमेरा पोटाशी धरला. मघाशी मोडलेली शांतता आता आपोआप पाळली गेली, चांगली दोन मिनिटं.

“तरी मी म्हणत होते,” चिटणीसबाई शेवटी म्हणाल्या. त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

“म्हणजे नोंद होईल ना?” लेकीनं विचारलं. “समिती इथंच आहे. साक्षीदार चौदा आहेत. फोटो तर शंभर निघाले असतील.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. “हे बघ बाळ, फोटोवरून असं ठामपणे नाही सांगता येत. पतंगांचं खरं कुळ पोटात कळतं. पोट उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली. नमुना लागतो.” त्यांनी पाठपिशवीतून रुंद तोंडाची एक स्वच्छ बाटली काढली. “आपलं मंडळ संवर्धनाचं आहे, आपण उगाच कुणाला मारत नाही. पण एकाच नमुन्यानं सगळ्या जातीचं संवर्धन होतं.”

“आणि या एकाचं?” मावशींनी विचारलं.

“मावशी, तुम्ही सभासद आहात का?”

“मी झाडते.”

“मग झालं तर.” ते लेकीकडे वळले आणि आवाज खाली आणला. “आणि तुला सांगतो, ही नवीच जात निघाली ना, तर नाव द्यायचा मान आपला. आपण वडिलांचं देऊ. कायमचं. जगाच्या पाठीवर कुठंही पुस्तक उघडलं की त्यांचं नाव.”

आत्या दारात येऊन उभी होती. “भावाचं नाव किड्याला?” ती म्हणाली. मग जरा वेळानं, बऱ्याच हळू: “कायमचं म्हणतायत पण.”

लेकीला एका ओळीची आशा होती, इथे पुस्तकं देऊ करत होते. ती आत गेली. पेला जागेवर होता, कार्डही. बाहेर येऊन तिनं पेला भिंतीवर अलगद टेकवला, आतलं पाखरू हललंही नाही. कार्ड सरकवलं. तीन आठवड्यांत हात बसला होता.

“शाब्बास,” अध्यक्ष म्हणाले. बाटलीवर एक कोरी चिठ्ठी चिकटवलेली होती. पेनाचं टोपण दातात धरून ते ती भरायला लागले होते. “फ्रीजमध्ये ठेवायचं, दोन तास. बस. झोपेतच जातं. त्याला काही कळत नाही.”

हे वाक्य तिनं तीन आठवड्यांपूर्वी ऐकलं होतं, दवाखान्याच्या जिन्यावर, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून. तेही समजूतदार होते. त्यानंतर दवाखान्याच्याच एका खिडकीतल्या माणसानं तिला प्लास्टिकची पिशवी दिली होती. पिशवीत चष्मा, मनगटी घड्याळ आणि अर्धी पेन्सिल, आणि पिशवीवर चिठ्ठी.

तिनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली. नाव. ठिकाण. तारीख. वेळ.

“वेळ कसली लिहिता, डॉक्टर?”

“पकडल्याची.” त्यांनी क्षणभर विचार केला. “किंवा मेल्याची. एकच म्हणा.”

लेक जिना उतरायला लागली.

“अगं, फ्रीज वर आहे ना?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो, वरच आहे,” ती म्हणाली आणि उतरत राहिली.

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कुणाला काही उमगलं नाही. ती पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा चिटणीसबाई वरून ओरडल्या, “ती सोडायला निघालीय!” मग चौदा जोडी बूट धडधडत खाली आले. अध्यक्ष सगळ्यांत पुढे, बाटलीचं झाकण उघडं. कुंपणापाशी त्यांनी तिला गाठलं आणि तिच्या पुढे जाऊन, झुडपांकडे पाठ करून उभे राहिले.

“एक मिनिट. एक मिनिट थांब. तुला कळतंय का तू काय घालवतेयस?”

“कळतंय,” ती म्हणाली. खरंच कळत होतं, त्यामुळे तिचा आवाज जरा बारीक निघाला. तिनं कार्ड काढलं.

पाखरू दोन हात उडालं, अध्यक्षांच्या खांद्यावरून पलीकडे गेलं, आणि दिसेनासं झालं.

“झुडपात गेलं! कुणी हलू नका!” अध्यक्ष ओरडले आणि स्वतःच आधी हलले. चौदा जण कुंपणात शिरले. पानं उलटली, फांद्या वाकवल्या, एकानं तर पोटावर पालथं पडून मुळाशी पाहिलं. छापील पानं आणि खरी पानं यांची इतकी सरमिसळ झाली की झुडूप कुठं संपतं आणि सभासद कुठं सुरू होतो ते सांगणं कठीण. दोघांनी एकमेकांना फांदी समजून बाजूला सारलं.

लेक जागची हलली नव्हती. तिला अध्यक्षांची पाठ दिसत होती. त्यांच्या महागड्या जाकिटावर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, छापलेल्या एका वाळक्या पानावर दोनशे बारा निवांत बसलं होतं. अशी जागा त्याला अकरा वर्षांत मिळाली नसेल.

वर, पहिल्या जिन्याच्या खिडकीत आत्या येऊन उभी होती. तिलाही दिसलं. “काखेत कळसा...” तिनं सुरुवात केली. लेकीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आत्यानं उरलेली म्हण तोंडातच ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठेवली असावी.

पंधरा मिनिटांनी अध्यक्ष बाहेर आले. कपाळाला ओरखडा, टोपी फांदीवर. “गेलं,” ते म्हणाले. “चांगलं हातातलं घालवलं. आता नियम अकरा. माझे हात बांधलेले आहेत.”

“नियम आहे तर आहे,” लेक म्हणाली. “पण आजच्या यादीतली ती ओळ तरी दुरुस्त करा. सर्वसामान्य राखाडी लिहिलंय. ते नव्हतं ते.”

चिटणीसबाईंनी पाटी छातीशी धरली. “सह्या झाल्यात गं. आता नाही खोडता येत.”

अध्यक्ष स्कूटरकडे निघाले. अर्धी शिवण त्यांच्याबरोबर निघाली. लेकीनं पाऊल उचललं, पण जिना उतरून आलेल्या मावशी आधीच पोचल्या होत्या.

“सायेब, थांबा. पाठीला जळमट लागलंय तुमच्या.”

त्यांनी फडक्याचं टोक हलकेच फिरवलं, धूळ झटकावी तसं, कुंपणाच्या दिशेनं. काहीतरी राखाडी फडफडलं आणि पानाआड झालं.

“थँक यू हं, मावशी,” अध्यक्ष म्हणाले.

“त्यात काय. रोजचंच काम आहे.”

चौदा जण गेले. जिन्यावर त्यांच्या बुटांचा चिखल राहिला. मावशी तो वरून खाली झाडत आल्या, बडबडत आल्या. आत्यानं खुर्च्या परत केल्या आणि फोटोपुढच्या चहाच्या रिकाम्या कपांकडे पाहत म्हणाली, “एकानं तरी त्याच्याकडे बघितलं का गं? भिंतीकडे बघितलं सगळ्यांनी.”

“त्यांना ते आवडलं असतं,” लेक म्हणाली.

मग तिनं सातवी वही उघडली. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ तिनं आजवर सोडली नव्हती, ती आज सोडली आणि अर्धी पेन्सिल बाहेर काढली. वडिलांनी पानं आखून ठेवलेली होती, पुढची पन्नासेक तरी. दोनशे बारा. खेप दहावी. तारीख, मजला तिसरा, मीटरच्या पेटीमागे. साक्षीदाराचा रकाना याआधी नऊ वेळा कोरा होता. त्यात तिनं लिहिलं: जिना झाडणाऱ्या मावशी.

शेवटचा रकाना होता ‘पुढे काय केले’. तिथं नऊ वेळा एकच मजकूर होता: कुंपणात सोडले. तिनंही तेच लिहिलं. लिहून पाहत बसली. चौतीस वर्षं त्या माणसानं काट्यावर दिसला तोच आकडा लिहिला होता, एकानं कमी नाही की जास्त नाही. तिनं खोडरबर शोधला, ओळ स्वच्छ पुसली, आणि नीट, सावकाश अक्षरात पुन्हा लिहिली:

‘अध्यक्षांच्या पाठीवर सोडले. तेथून साक्षीदाराने कुंपणात.’